दार उचलून लावायची सवय

"दार जरा उचलून लावा, म्हणजे बसतं," गाडीतून उतरता उतरता मालकाने सांगितलं. मी मान हलवली आणि विसरून गेलो. पुन्हा आठवलं ते संध्याकाळी, आणि तोवर अर्ध्या दिवसाचं काम पाण्यात गेलं होतं.

गाडी 1960च्या दशकातली पिकअप. या जुन्या ट्रकांचं एक बरं असतं. चेसिस, म्हणजे खालचा सांगाडा, वेगळी, तिच्यावर रबरी माउंटिंगवर बसलेली केबिन वेगळी. चेसिस धडधाकट असली की केबिन कितीही सडलेली असो, उभी करता येते. ही बाहेरून तर लग्नाला निघाल्यासारखी नटलेली होती. रंग ताजा, बंपर चकचकीत. मालकाचं म्हणणं एका ओळीचं: ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडलाय, तेवढा रविवारपर्यंत बदलून द्या.

"तेवढा" म्हणणारं गिऱ्हाईक आलं की मी हातातलं दुसरं काम आधी बाजूला ठेवतो.

मॅट उचलली. खाली नमदा, आणि तो ओला. पाऊस होऊन आठवडा झाला होता, तरी मुठीत दाबला तर बोटांमधून पाणी आलं. नमद्याखाली डांबर. डांबराखाली जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या पत्र्याचा तुकडा, पॉप रिव्हेट मारून बसवलेला. रिव्हेट ड्रिलने उडवले तर त्याच्याखाली अजून एक तुकडा, तो वेल्डिंगने चिकटवलेला, भिंतीवर चिखलाचे गोळे फेकून मारावेत तसे टाके. आणि त्याच्याखाली मूळ तळ, म्हणजे एके काळी तळ होता ती जागा. हाताने उचलला तर पापुद्रे सुटले, आणि त्या भोकातून गाडीखाली टेकू म्हणून ठेवलेली माझी लोखंडी घोडी दिसली.

आधीच्या कारागिराला नावं ठेवायची नाहीत असं मी ठरवलेलं आहे. त्याला किती वेळ मिळाला, किती पैसे मिळाले, कोणास ठाऊक. पण ठिगळावर ठिगळ मारलं की दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी शिरतं आणि तिथे वारा पोचत नाही, त्यामुळे ते सुकतच नाही. त्यात गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. तो फुगतो, जोड उसवतो आणि उसवलेल्या फटीतून आणखी पाणी आत घेतो. वरून डांबर फासलं की झालं, बंद डब्यात हा सगळा कारभार निवांत चालू राहतो.

मग पेचकसाच्या मुठीने ठोकत गेलो. चांगला पत्रा टणटण वाजतो, सडका पुठ्ठ्यासारखा बद्द बोलतो. बद्द आवाज आला तिथे खडूची खूण. सुरुवात तळहाताएवढ्या जागेपासून झाली. रेघ पेडलच्या खाली गेली, तिथून दाराच्या उंबरठ्यापर्यंत, उंबरठ्याच्या आतून दाराच्या चौकटीच्या पुढच्या खांबाच्या पायथ्याशी, आणि तिथून वळून सीटच्या बोल्टपर्यंत. हाताखालचा पोरगा बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "उस्ताद, चांगला आहे तेवढाच भाग आखला असता तर खडू वाचला असता."

कापाकापीच्या आधी मी एक काम हमखास करतो: पाणी कुठून येतंय ते बघतो. तळ सडला म्हणून पाणी खालून आलं असेल असं गिऱ्हाइकाला वाटतं, चाकाने उडवलेलं वगैरे. खालून येतंही, पण खालचं पाणी वाऱ्याने सुकतं. तळ खातं ते वरून येऊन मॅटखाली मुरलेलं. पुढच्या काचेच्या खाली बाहेरच्या बाजूला ज्या जाळ्या असतात, त्यांतून आत गेलेलं पावसाचं पाणी एका पन्हळीतून दोन्ही बाजूंना, मडगार्डच्या मागे, बाहेर पडायला हवं. पोऱ्याला आत टॉर्च घेऊन बसवलं आणि मी जाळीत तांब्याभर पाणी ओतलं. बाहेर एक थेंब पडला नाही. आतून आवाज आला, "उस्ताद, माझ्या बुटात."

पन्हळीचं तोंड बुजलं होतं. तारेने ओढून काढलं तर सडक्या पानांचा काळा लगदा निघाला, दोन ओंजळी भरून, त्यात कुठल्या तरी झाडाच्या बिया मोड आलेल्या. पाणी तुंबायचं आणि पन्हळीच्या कोपऱ्यातल्या फाटलेल्या जोडातून थेट ड्रायव्हरच्या पायाशी उतरायचं. मालकाला बोलावून दाखवलं. तो त्या बियांकडे बघत राहिला. रविवारचा विषय त्याने त्यानंतर काढला नाही.

पुढची दोन कामं कंटाळवाणी, पण त्यात चालढकल नाही. बॅटरीची तार काढली. आणि टाकी काढली. त्या काळातल्या बऱ्याच पिकअपमध्ये पेट्रोलची टाकी सीटच्या मागे, केबिनच्या आतच असते. "टाकी रिकामीच आहे," मालक म्हणाला. लोकांना वाटतं रिकामी म्हणजे बिनधोक. भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. रिकामी टाकी मात्र वाफेने भरलेली असते, आणि पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली उतरून तळाशी रेंगाळते. आम्ही ठिणग्या पाडणार तिथेच. टाकी बाहेर उघड्यावर लांब नेऊन ठेवली, तोंड बंद केलं, पाइपांची तोंडं बंद केली, दोन्ही दारं उघडून केबिन वाऱ्यावर ठेवली, आणि मगच ग्राइंडरला हात लावला.

आता माझी चूक.

केबिनचा तळ म्हणजे नुसती पाय ठेवायची फळी नव्हे. खोक्याचा तळ फाडला की खोका हातात लुळा पडतो, तसंच इथे. तळ आणि उंबरठा कापले की दाराची चौकट धरून ठेवायला काही उरत नाही. म्हणून कापण्याआधी आतून आधार द्यायचा असतो. मी 25 मिलिमीटरचा चौकोनी पाइप वापरतो. एक पुढच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंत, एक या दारापासून त्या दारापर्यंत आडवा, आणि एक तिरका. पाइप आतल्या बाजूने अशा बेताने लावायचे की दार बंद करून बघता यावं. हे मी इतक्या वेळा केलंय की हात आपोआप चालतात. तेच नडलं. दुपारपर्यंत पाइप कापून, बसवून, टाके मारून झाले. चौकट अशी घट्ट झाली की केबिनला धक्का दिला तर सगळी गाडी हलावी. मी खूश.

मग सवयीने दार लावून बघितलं. लागलं नाही. उचलून लावलं, लागलं. मागच्या कडेची फट बघितली: वर पत्र्याला पत्रा टेकत होता, खाली बोट जात होतं.

"बिजागरीची पिन झिजली असेल," मी म्हणालो. जुन्या गाडीचं दार लोंबलं की शंभरातल्या नव्वद वेळा कोणीही हेच म्हणेल. पोरगा काही बोलला नाही. त्याने दार अर्धं उघडलं, मागची कड दोन्ही हातांनी धरली आणि वर-खाली केली. पिन झिजलेली असती तर बिजागरीत खटखट झालं असतं. दार हललंच नाही.

"पिनला ढिल नाही, उस्ताद."

मी टेप काढला. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजले, मग पलीकडच्या दाराचे. पलीकडचा उंबरठा शाबूत होता, म्हणून ती चौकट प्रमाण धरायची. तोच कर्ण अलीकडे 9 मिलिमीटरने कमी भरला. तीनदा मोजला. टेपचं टोक एकदा खांबाच्या आतल्या कडेला, एकदा बाहेरच्या, उगाच आशेने. दर वेळी 9.

म्हणजे दार ठीक होतं. त्याच्याभोवतीची केबिन वाकडी झाली होती. उंबरठा आतून पोकळ झाल्यावर तो मधोमध खाली बसला, खांब माथ्याशी आत झुकले, आणि मालक गेली काही वर्षं दार उचलून लावत राहिला. त्याला वाटलं जुनी गाडी आहे, चालायचंच. आणि मी काय केलं होतं, तर त्या वाकड्या केबिनला पोलादी चौकट घालून तिचा वाकडेपणा पक्का केला होता. यावर मी नवा तळ जोडला असता तर दार जन्मभर उचलून लावावं लागलं असतं, आणि या वेळी ते माझ्या वेल्डिंगमुळे.

आधार देताना केबिन हलू नये एवढंच मी शिकलो होतो. हलू द्यायचं आणि मग धरायचं, हे त्या दिवशी टेपने शिकवलं.

पाइपांचे टाके एकेक करून ग्राइंडरने कापले. पोरगा गप्प होता, त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. माउंटिंगचे बोल्ट ढिले केले, उंबरठ्याखाली लांब जाड फळी घातली, म्हणजे जॅकचा जोर सडक्या पत्र्यात एका जागी घुसायला नको, आणि जॅक अगदी थोडा, हँडलच्या पाव फेऱ्याने चढवायला सुरुवात केली. एक पाव फेरा, मग फट बघायची. गंजलेला पत्रा करकरत होता. एकदा आत कुठे तरी काही तुटल्याचा आवाज आला आणि आम्ही दोघेही मागे सरलो. बघितलं तर आधीच्या ठिगळाचा एक टाका उडाला होता. चौथ्या की पाचव्या खेपेला वरची फट उघडली. अजून थोडं. मग फटीत 5 मिलिमीटरची पट्टी वरपासून खालपर्यंत सरकली.

दार ढकललं. उचललं नाही, फक्त ढकललं. खट्. पुन्हा कर्ण मोजले, आता फरक 1 मिलिमीटरचा. 1960च्या दशकातल्या केबिनला तेवढा माफ. तेच पाइप पुन्हा आणले, ते आता कुठेही नीट बसेनात, कारण वाकड्या चौकटीच्या मापाने कापले होते. दोन नवे कापले.

पुढचे तीन दिवस म्हणजे नेहमीचं काम, ते भराभर सांगतो. कंपनीचे स्पॉट, म्हणजे कारखान्यात पत्र्यावर पत्रा जोडलेले वेल्डिंगचे ठिपके, शोधायला रंग घासला की बारीक खळगे दिसतात. त्यांवर 8 मिलिमीटरचा स्पॉट कटर फक्त वरच्या पत्र्यापुरता चालवायचा, खालच्याला भोक पाडायचं नाही. यात घाई केली की चांगल्या पत्र्याची चाळण होते. नवा तळ 18 गेजच्या, म्हणजे साधारण 1.2 मिलिमीटरच्या सीआर, म्हणजे जस्त न चढवलेल्या साध्या पोलादी पत्र्याचा. जीआय मी वेल्डिंगला घेत नाही, जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, एकदा भोगलंय. सपाट पत्रा पायाखाली डब्यासारखा पकपक वाजतो, म्हणून मूळ तळासारख्या उठावाच्या पट्ट्या पाडून घेतल्या. त्यांनी ताठपणा येतो. आधी उंबरठ्याचा आतला भाग आणि खांबाचा पायथा, मग त्यांच्यावर तळ.

वेल्डिंगमध्ये धीर हीच खरी कसोटी. पातळ पत्र्यावर सलग रेघ ओढली की पत्रा लाटेसारखा उठतो, आणि मग तो ठोकून बसवणं म्हणजे गादीची सुरकुती काढण्यासारखं, इथली दाबली की तिथे जाते. म्हणून एक टाका इथे, दुसरा दुसऱ्या टोकाला, तिसरा मध्ये, हात लावून बघायचं, गरम असेल तर थांबायचं. उंबरठ्यावर जिथे पत्र्यावर पत्रा येतो तिथे नव्या पत्र्याला भोकं पाडून ती वेल्डिंगने भरली, म्हणजे कंपनीच्या स्पॉटच्या जागी तेवढीच घट्ट पकड. पोरगा खाली बादली आणि ओलं पोतं घेऊन बसलेला, कारण जुनं डांबर खालून कधी पेट घेईल सांगता येत नाही. एकदा घेतलाच. निळसर ज्योत, वीतभर. त्याने पोतं दाबलं आणि वर न बघता म्हणाला, "चालू ठेवा."

इपॉक्सी प्रायमर, मग जोडांवर वरून आणि खालून सिलर, उंबरठ्याच्या पोकळीत मेण. पाणी जायची भोकं मोकळी ठेवली आणि मालकाला बोट घालून दाखवली, कारण लोक ती "भोक पडलंय" म्हणून बुजवतात.

पाइप कापून काढायच्या वेळी मी पोऱ्याला म्हटलं, तूच काढ. शेवटचा टाका सुटला तेव्हा मी फटीत पट्टी धरून उभा होतो. पट्टी हलली नाही.

मालक आला, सवयीने दार उचलून लावायला गेला आणि दार त्याच्या हातून धाडकन बसलं. तो दचकला. मग उघडून तीन-चार वेळा लावून बघितलं. म्हणाला, "मिस्त्री, मॅट कुठली घालू?"

"इतक्यात कुठलीच नको. एक पाऊस उघड्या पत्र्यावर जाऊ द्या."

त्याला ते पटलं नाही, तोंडावरून दिसत होतं, पण ऐकलं. पहिल्या पावसानंतर त्याने फोटो पाठवला. तळ कोरडा होता. फक्त पुढच्या खांबाच्या पायथ्याशी, प्रायमरवर, रुपयाएवढा ओला डाग. पन्हळ आता मोकळी होती, म्हणजे हे पाणी काचेच्या रबराखालून येत असणार. मी त्याला फोन करून सांगितलं, मॅट अजून नको, गाडी घेऊन या.