रेकियादालूरच्या गरम ओढ्यात

आजचा अख्खा दिवस रेकियादालूरच्या दरीत गेला, केसांना अजून गंधकाचा वास येतोय आणि तो धुवून टाकावासाच वाटत नाहीये. आइसलँडमध्ये व्हेरागेर्दी म्हणून गाव आहे, रेक्याविकहून गाडीने पाऊण तासावर, तिथून पुढे तासभर डोंगर चढत जायचं. वाटेत जागोजागी जमिनीतून वाफा निघतात, एका खड्ड्यात तर राखाडी चिखल नुसता रटरटत होता. बुडबुडा हळूहळू फुगतो, ताणला जातो आणि फट्दिशी फुटून काठावर शिंतोडे उडतात, मी कितीतरी वेळ तेच बघत उभी! पायवाट सोडू नका असे बोर्ड आहेत ते खरंच पाळावेत, गवताखाली जमीन कुठे पातळ असेल काही नेम नाही.

हे पाणी मुळात वरचंच. पावसाचं, बर्फाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, खाली हेंगिल ज्वालामुखीच्या तापलेल्या खडकाला लागून गरम होतं आणि परत वर येतं. मे २००८ मध्ये इथे ६.३ चा भूकंप झाला तेव्हा व्हेरागेर्दीजवळ नवे झरे फुटले होते.

आणि आंघोळ! कपडे बदलायला फक्त लाकडी आडोसे, त्यात गार वारा, कुडकुडतच पाण्यात शिरले. ओढा उथळ आहे, गळ्यापर्यंत पाणी हवं तर सरळ आडवं पडायचं. वरच्या अंगाला सरकलं की चटके, खाली सरकलं की कोमट, आपल्याला सोसेल ती जागा आपणच शोधायची, आणि सापडली तरी पाणी नीट मिसळलेलं नसतंच, डाव्या कुशीला ऊन ऊन तर उजव्या कुशीला गार धार. मला वाटायचं गरम झऱ्याची सगळी कमाल खालच्या आगीची, पण झऱ्याचं पाणी तसंच आलं असतं तर पायसुद्धा घालता आला नसता, डोंगरावरून येणारा थंड ओढा त्यात मिसळतो म्हणून माणसाला तिथे बसता येतं. त्या थंड ओढ्याचं मला आज फार कौतुक वाटलं.

रूमवर येऊन रेडिएटरवर टॉवेल वाळत टाकला. इथली दहातली नऊ घरं जमिनीतल्या याच उष्णतेवर गरम राहतात. उद्या स्ट्रोक्कुर नावाचा गीझर, म्हणजे गरम पाण्याचं नैसर्गिक कारंजं, बघायचाय, दर सहा ते दहा मिनिटांनी उसळतो, एकदा बघून काही माझं भागणार नाही त्यामुळे सकाळी लवकर निघायचं.