वेताळ टेकडी, फाल्गुन: भुरीच्या नाकामागून

होळी झाली, थंडी गेली. रविवारी सकाळी सव्वासहाला पुण्यातल्या या टेकडीवर पाषाणच्या बाजूनं चढलो, माझी कुत्री भुरी आणि मी. फुलांच्या नोंदवहीचं हे तिसरं वर्ष, पण कुत्र्यासोबतचं पहिलंच.

आधी हिशेब. या खेपेला सहा जाती फुलावर मिळाल्या. गेल्या वर्षी याच आठवड्यात चार होत्या. वाढलेल्या दोन्ही भुरीच्या खात्यावर.

जुन्या चार म्हणजे गिरिपुष्प, पळस, काटेसावर आणि सालई. गिरिपुष्पानं उतार गुलाबी केलाय, पण ते मेक्सिकोकडचं, वनीकरणात लावलेलं, त्यामुळे माझ्या वहीत एकच ओळ. शिवाय उंदीरमारी हे त्याचं दुसरं नाव, म्हणून भुरीला त्याखालून ओढतच नेते. पळस उतरणीला लागलाय, तरी शिंजीर आणि बुलबुलांची गर्दी होती. काटेसावरीखाली मांसल लाल फुलांचा सडा. भुरीनं एक तोंडात धरलं, चावलं आणि माझ्याच बुटावर टाकलं.

पाचवी वारस. या वाटेनं मी दोन वर्षं जातेय आणि हे झाड मला कधी 'दिसलं' नव्हतं. निष्पर्ण, करडं, वर गेल्या हंगामातल्या वाकड्या लांब शेंगा लटकलेल्या, त्यामुळे वाळकं समजून पुढे जायचे. भुरी बुंध्यापाशी थांबली आणि हलेचना. खाली वाकले तर पांढरी, चुरगळल्यासारख्या कडांची फुलं पडलेली, आणि वास असा की वर बघावंच लागलं. शेंड्याला घोसच्या घोस!

सहावी भुईगेंद. हिच्यासाठी अक्षरशः लोळावं लागतं. दगडांत मुळाशी चिकटलेले टोचरे चेंडू, बोराएवढे, आणि त्यांतून चहूकडे पसरलेल्या फांद्या. एका चेंडूत फार तर एक-दोनच फुलं उघडलेली: पांढुरकी, दोन ओठांची, आत तपकिरी ठिपके. भिंगाशिवाय ठिपके कळत नाहीत. मी पोटावर, भिंग डोळ्याला, भुरीचा दोर घोट्याला बांधलेला. तेवढ्यात रोजचे एक आजोबा आले.

"काय हरवलं का हो ताई?"

"नाही काका, फूल बघतेय."

"आत्ता? अहो, फुलं बघायची तर सप्टेंबरात कासला जा."

कास थोरच, वाद नाही. पण आपल्याकडचा वसंत पठारावर पसरत नाही. तो पानं झडलेल्या झाडांच्या शेंड्यांवर असतो, नाहीतर दगडांच्या फटीत. पावसाळ्यातल्यासारखं चालत चालत बघायला गेलं तर हाती काही लागत नाही. भुरी दर वीस पावलांवर थांबते, म्हणून मलाही थांबावं लागतं. फोटो मात्र सगळे हललेले. अकरापैकी दोन ठेवले. आणि दोर सोडायचा नाही, मोर आहेत.

आता तोटा. कुसळं! कुसळी गवताच्या बीला टोकदार सुई असते आणि मागे पीळ पडलेलं लांब शेपूट. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि त्या फिरण्यातच बी मातीत शिरतं. मातीत शिरायचं ते मोज्यात शिरतं, कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यांतही शिरतं. गेल्या महिन्यात भुरी मान तिरकी करून कान झाडत राहिली. मी दोन दिवस गोचिड समजून बसले. डॉक्टरांनी चिमट्यानं अखंड कुसळ काढलं. चूक माझीच, घरी येताच कान बघायला हवे होते. आता बघते.

खाणीपलीकडचा उतार वणव्यानं काळा झालाय. गेल्या वर्षी मी अशी जागा टाळून गेले असते. पण 2024 मध्ये आघारकर संशोधन संस्थेच्या मंडळींनी तळेगाव दाभाडेच्या गवताळ माळावरची डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा ही वनस्पतीची नवी जात जाहीर केली. ती पावसाळ्यानंतर एकदा फुलते, आणि माळ जळून गेल्यावर मे-जूनमध्ये पुन्हा. आपल्या टेकडीवर ती सापडेल असं मी म्हणत नाही. पण जळक्या जमिनीतून काय वर येतं हे दर आठवड्याला लिहून ठेवायचं ठरवलंय. एका खडकावर खडूनं खूण केलीय. तिथं आज फक्त राख, आणि भुरीचे चार पाय काळे.