नळीत संपलेली साखर

रक्त काढताना मी समोरच्याचा चेहरा फारसा बघत नाही. दंड, कोपराची खळगी, शीर, बस्स. त्या दिवशी मात्र मान दिसली. सुईची भीती वाटते म्हणून त्या गृहस्थांनी तोंड पलीकडे फिरवलं आणि कॉलरच्या वरचा भाग माझ्यासमोर आला. काळपट, जाडसर, मखमलीसारखी कातडी आणि तिच्यावर मोहरीएवढे तीन-चार मस. एका ऑफिसातल्या वार्षिक तपासणीचा कॅम्प होता, मागे रांग लागलेली. मी कापूस दाबून धरायला सांगितलं आणि पुढचं नाव पुकारलं.

दुपारी लॅबमध्ये रिपोर्ट भरताना तेच नाव पुन्हा आलं. फास्टिंग शुगर 96. म्हणजे शंभराच्या आत, नॉर्मल. पुढे जायचं. पण बोट काही पुढे जाईना. वय 41, कंबर सुटलेली, फॉर्मवर आई आणि वडील दोघांनाही मधुमेह असल्याची नोंद, आणि ती मान. अशी मान असलेल्या प्रत्येकाचीच साखर वाढलेली असते असं मुळीच नाही. तरी हे सगळं एकत्र असताना 96 मला पटेना.

मी उठून रॅकमधली त्यांची नळी काढली. लाल टोपीची! साखरेसाठी आम्ही राखाडी टोपीची नळी वापरतो, तिच्यात फ्लोराइड असतं, ते पेशींना साखर खाऊ देत नाही. कॅम्पमध्ये राखाडी नळ्या मधेच संपल्या होत्या आणि 'आज चालवून घेऊ' म्हणून मीच लाल नळ्या घेतल्या होत्या. रक्त काढलं साडेसातला आणि सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे पेशी वेगळ्या करणाऱ्या यंत्रात, गेलं पावणेबाराला. तोवर नळीतल्या पेशी स्वस्थ बसलेल्या नसतात. तांबड्या पेशींना तर ग्लुकोजवाचून दुसरं इंधनच चालत नाही. साध्या नळीत, खोलीच्या तापमानाला साखर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी उतरते. चार तासांहून जास्त वेळ गेला होता. मनातल्या मनात हिशेब केला आणि पोटात गोळा आला. मूळ आकडा 120च्या आसपास असणार होता.

पॅथॉलॉजिस्ट मॅडमना जाऊन सगळं सांगितलं, नळ्यांची चूक माझी हेही. त्या रागावल्या, पण नंतर. आधी विचारलं, "सीबीसीची जांभळी नळी आहे ना?" रक्तपेशी मोजायच्या तपासणीची ती नळी होती, फ्रीजमध्ये. एचबीएवनसीला हा वेळेचा घोळ बाधत नाही. तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते आणि तेवढ्या काळात हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली, ते ही तपासणी सांगते. त्या गृहस्थांना फोन करून परवानगी घेतली आणि तपासणी लावली. 6.2. त्यांचं हिमोग्लोबिन 14 होतं हे मॅडमनी मुद्दाम पाहिलं, कारण लोहाच्या कमतरतेनेही हा आकडा खोटाच वर जातो. 5.7 ते 6.4 ही प्रीडायबेटिसची, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्याची पट्टी, 6.5पासून मधुमेह.

दोन दिवसांनी ते पुन्हा उपाशीपोटी आले. मॅडमनी विचारलं, तहान, सारखी लघवी, वजन उतरणं असं काही?

"काही नाही हो, ठणठणीत आहे. जेवल्यावर डोळे मिटतात, पण ते वयाचं."

झोपेवर मॅडमनी फार भर दिला नाही, त्याला शंभर कारणं असतात. तहान आणि लघवी वाढते ती साखर साधारण 180च्या वर जाऊन लघवीत उतरू लागली की. त्याआधीची कितीतरी वर्षं माणसाला काहीच जाणवत नाही. मानेबद्दल मात्र ते स्वतःच ओशाळून म्हणाले, "घरी ऐकून घेतो, नीट घासत नाही म्हणून. ब्रश लावून झाला." मॅडम म्हणाल्या, तो मळ नाहीच. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की स्वादुपिंड ते आणखी ओततं आणि ते जास्तीचं इन्शुलिन कातडीच्या पेशींना वाढायला लावतं. ऐकताना त्यांचा हात आपोआप मानेकडे गेला.

या वेळी राखाडी नळी, आणि रक्त काढल्यावर मी ती स्वतः धावत मशीनकडे नेली. फास्टिंग 117. मग 75 ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तास खुर्चीत बसवलं. दोन तासांनी 168. 140च्या आत हवं, 200ला मधुमेह ठरतो.

"मग गोळी सुरू करू?" त्यांनी विचारलं. ते तुमचे डॉक्टर ठरवतील, असं म्हणून मॅडमनी 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचं सांगितलं. वजन 7 टक्के उतरवणं आणि आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हे लक्ष्य दिलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दिलेल्या गटात 31 टक्क्यांनी. ते आकडे त्यांनी रिपोर्टच्या पाकिटावर लिहून घेतले.

ते गेल्यावर मॅडम माझ्याकडे वळल्या. "त्या दिवशीच्या सगळ्या लाल नळ्या काढ."

अकरा निघाल्या. अकराही जणांना मीच फोन केले, चूक आमची आहे, तपासणी पुन्हा मोफत करून देतो म्हणून सांगितलं. नऊ जण आले. उरलेल्या दोघांचं उत्तर जवळजवळ सारखंच होतं : रिपोर्ट नॉर्मल आलाय ना, मग कशाला?