कपाट हललं आणि खिडकी मोकळी झाली

बर्लिनला राहायला लागल्यापासून उजेडाची किंमत मला नव्याने कळली आहे. डिसेंबरात तिथे चारच्या आत सूर्य मावळतो. रात्री दिव्याखाली लावलेला पिवळा सकाळी भलताच दिसतो. म्हणून सुट्टीत पुण्याला आल्यावर माझी चित्रांची खोली आवरायला घेतली, तेव्हा पहिल्यांदा हलवलं ते कपाट. उत्तरेची खिडकी त्यानेच अडवली होती. या खिडकीतून वर्षाचा बराच काळ थेट ऊन येत नाही, त्यामुळे रंगांवरचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. अशी खिडकी बर्लिनमध्ये भाड्याने मिळवायला माणसं किती धडपडतात!

मग रंग. आईचं म्हणणं, "असू दे गं, लागेल कधीतरी." पण रंगारंगांत फरक असतो. जलरंगाच्या सुकलेल्या वड्या ठेवाव्यात. त्या डिंकात बांधलेल्या असतात, पाण्याचा थेंब पडला की जाग्या होतात. घट्ट झालेलं अ‍ॅक्रिलिक मात्र गेलंच, ते काही केल्या परत विरघळत नाही. तैलरंगाच्या ट्यूबचं झाकण अडकलं असेल तर तोंड थोडा वेळ गरम पाण्यात धरायचं. आतला रंग बहुतेकदा उत्तम निघतो.

कागदाने मात्र जीव कासावीस केला. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून (ती 1940 सालची) जपून आणलेले ताव पावसाळ्यांनी डागाळले होते, काहींच्या कडा कसरीने कुरतडल्या होत्या. डागाळलेले सरावाला ठेवले. चांगले ताव आडवे, भिंतीपासून लांब मांडले. जास्तीचे ब्रश आणि पोस्टर कलर शेजारच्या मुलीला दिले, ती यंदा एलिमेंटरीला बसते आहे.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. तैलरंगात वापरतात त्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्या बोळा करून माळ्यावर टाकू नका. हे तेल सुकताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. बोळ्यात ती कोंडली की चिंधी आपोआप पेटू शकते. अशा चिंध्या पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.

तैलरंगाचे ब्रश धुवायला वापरलेलं टर्पेंटाइनही बेसिनमध्ये ओतू नका. बरणीत राहू द्या, रंग तळाशी बसतो आणि वरचं नितळ टर्पेंटाइन पुन्हा वापरता येतं. बर्लिनमध्ये तळाचा गाळ घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्यावा लागतो. आपल्याकडेही घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे घरातला घातक कचरा ओल्या-सुक्यापासून वेगळा द्यायचा असतो, रंगाचे डबे त्यातच येतात. आमच्याकडे येणाऱ्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा हाताने निवडतात. गाळाची बरणी घट्ट बंद करून, वर मराठीत ठळक 'रंगाचं विषारी टर्पेंटाइन' लिहून मी त्यांच्या हातात वेगळी दिली.