आमची वाटचाल : खिडकीवरची फट

आम्ही बांधलेल्या पहिल्या लाकडी ओंडक्यांच्या घराला आठ महिने झाले होते. एक दिवस त्या घरच्या बाईंचा फोन आला, "खिडकी उघडत नाहीये हो." मी रंधा आणि पटाशी घेऊन गेलो. चौकट जरा तासली की झालं, असं वाटलं होतं. पण खिडकीत काही बिघडलेलंच नव्हतं, भिंतच खाली आली होती. वरचा ओंडका चौकटीवर टेकला होता आणि चौकट मधोमध वाकली होती.

त्याआधी आम्ही दारं, कपाटं, जिने करायचो. तीन माणसं आणि दोन यंत्रं, बस्स. लाकूड रुंदीत फुगतं-आक्रसतं, हे कोणत्याही सुताराला कळतं. दारातल्या फळीला त्यासाठीच खाचेत मोकळीक ठेवतात. पण आडव्या ओंडक्यांची भिंत म्हणजे तीच फळी, एकावर एक रचत पावणेतीन मीटर उंच नेलेली, हे काही डोक्यात आलं नाही. लांबीच्या दिशेने लाकूड जवळजवळ आक्रसत नाही. रुंदीत मात्र आक्रसतं, आणि या भिंतीची सगळी उंची रुंदीचीच. 3 टक्के धरले तरी 2.7 मीटरला 8 सेंटिमीटर! मधला उभा खांब मात्र जागच्या जागी राहिला. भोवतीच्या भिंती बसल्या, खांब बसला नाही, आणि वरच्या मजल्याला मधोमध उंचवटा आला. मुलं तिथे गोट्या सोडून बघत होती. गोट्या खांबापासून चहूकडे पळत होत्या. आमची चूक इतक्या नेमकेपणाने दुसऱ्या कुणी मोजली नसती.

दुरुस्ती स्वखर्चाने केली. चौकटी काढून वरची जागा कापली, तिथे फट सोडून मऊ लोकर भरली, वर झाकपट्टी ठोकली. झाकपट्टी फक्त भिंतीला, चौकटीला नाही. खांबाखाली स्क्रू-जॅक बसवले, म्हणजे भिंत बसेल तसा पाना फिरवून खांबही उतरवता येतो. जिना वरच्या बाजूला पक्का केला आणि खाली मोकळा टेकवला. त्या वर्षी नफा काही उरला नाही.

तेव्हापासून ओलावा मोजायचं यंत्र खिशात असतं. साधारण 30 टक्क्यांच्या खाली ओलावा उतरला की लाकूड आक्रसायला लागतं, हे तेव्हा वाचून कळलं. "वाळलेलं आहे साहेब" हे पुरवठादाराचं वाक्य आम्ही आदराने ऐकतो आणि यंत्राचे दोन खिळे लाकडात रोवतो.

पुढे क्रॉस लॅमिनेटेड टिंबर, म्हणजे सीएलटीकडे वळलो. 1990च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत हे तंत्र आकाराला आलं. फळ्यांचा एक थर उभा, त्यावर एक आडवा, असे चिकटवलेले; शेजारचा थर हलू देत नाही, म्हणून भिंत बसण्याचा प्रश्न जवळपास मिटतो. त्याची किंमत निर्णयांत मोजावी लागते. वायरीच्या खाचा कारखान्यातच पाडून येतात, म्हणून पलंग कुठे, दिव्याचं बटण कुठे, हे लाकूड कापायच्या आधी ठरवावं लागतं. एका कुटुंबाने तीन बैठका एका बटणावर घालवल्या. मला राग येत होता, पण बरोबर तेच होते.

आवाजाच्या बाबतीत आम्ही दुसऱ्यांदा आपटलो. मुलांची खोली आईवडिलांच्या खोलीवर काढली होती. घट्ट लाकूड असलं तरी काँक्रीटच्या मानाने हलकं, त्यामुळे पावलांचा धपधप आवाज थेट खाली उतरतो. आता लाकडी तक्त्यावर वजनदार थर, त्यावर लवचीक थर, मग फरशी. आणि शक्य तिथे मुलांच्या खोलीखाली सामानाची खोली काढतो.

आगीचा प्रश्न प्रत्येक घरी निघतो. जाड तुळई बाहेरून कोळसा होत जाते, मिनिटाला साधारण पाऊण मिलिमीटर, आणि आतला गाभा भार पेलत राहतो. तेवढी जाडी आम्ही हिशेबात जास्तीची धरतो. उघडी पोलादी पट्टी तापली की नरम पडते, म्हणून ती लाकडाच्या पोटात दडवतो. पातळ फळ्यांच्या घराबद्दल मी अशी खात्री देणार नाही.

पाण्याचं मात्र सोपं आहे, तरी लोक टाळतात. जोतं उंच, वळचण लांब, आणि पागोळ्या भिंतीपासून दूर पडल्या पाहिजेत. "सपाट छपराचं, वळचण नसलेलं घर हवं" म्हणणाऱ्यांना आम्ही नम्रपणे नाही म्हणतो. दोन कामं त्यापायी गेली.

पहिल्या घरी वर्षातून एकदा पाना घेऊन जातो. गेल्या दोन खेपांना फिरवावा लागला नाही. बाईंनी झाकपट्टी काढून दाखवली, खिडकीवर दोन बोटं फट अजून शिल्लक आहे.