सोलापुरात घरच्या स्टुडिओसाठी हार्ड रॉकचा ॲम्प निवडताना: माझा अनुभव

मला घरी गिटार रेकॉर्ड करायची होती आणि आवाज हवा होता सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या ब्रिटिश हार्ड रॉकचा. मधल्या सुरांत दाट, पिक लागताच तडकणारा, आणि कॉर्ड वाजवली तर त्यातली प्रत्येक तार वेगळी ऐकू येणारा. राहायला मी पूर्व भागात, अशोक चौकाच्या जवळ. वरच्या मजल्यावर दहा बाय बाराची खोली, डोक्यावर तापणारा स्लॅब, दोन्ही बाजूंना भिंतीला भिंत लागून शेजार आणि मागच्या गल्लीत यंत्रमाग. ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारं यंत्र, कुठला घ्यायचा हे ठरवताना निम्मा विचार या खोलीचाच करावा लागला.

सगळ्यात आधी वॉटचा हिशेब समजून घेतला. १०० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या दहापट मोठा वाजत नाही. वॉट दहापट झाले की आवाज १० डेसिबलने चढतो आणि कानाला तो साधारण दुप्पट वाटतो, एवढंच. खरी मेख स्पीकरमध्ये असते. सेलेस्टियनचा व्हिंटेज ३० घेतला, तर त्याची सेन्सिटिव्हिटी १०० डेसिबल. म्हणजे एक वॉट दिला की एक मीटरवर १०० डेसिबल. शेजारच्या काकूंना भिंतीपलीकडून हाक मारायला लावायला एक वॉट पुरेसा आहे. त्यामुळे ‘घरासाठी २० वॉट बास’ किंवा ‘५ वॉट म्हणजे अगदी हळू’ या बोलण्याला काही अर्थ नाही हे कागदावरच स्पष्ट झालं.

दुसरी गोष्ट कानाची. १९३३ साली फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजून दाखवलं की आवाज लहान असला की आपल्या कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. दुकानात मोठ्याने वाजवलेला ॲम्प छाती भरून टाकतो आणि घरी आणून हळू वाजवला की तोच पातळ वाटतो, त्याचं मोठं कारण हे. शिवाय व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्पमध्ये पॉवर सेक्शन (स्पीकरला ताकद देणारा भाग) आणि स्पीकर थोडे ताणले गेल्याशिवाय तो ठसका येत नाही, हे दुसरं कारण.

म्हणून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरून पुण्याला गेलो तेव्हा काय ऐकायचं हे नक्की होतं. दुकानातल्या पोराने आधी मार्शल डीएसएल २० लावून दिला आणि व्हॉल्यूम असा फिरवला की काचा थरथरल्या. सुंदर वाजला, यात शंका नाही. मी म्हणालो, “दादा, आता आपण दोघं बोलतोय ना, तेवढ्यावर आण.” तिथून पुढे सगळे ॲम्प त्याच पातळीवर ऐकले, माझ्याच गिटारवर, तीच रिफ (गिटारची ठरावीक छोटी ओळ) वाजवून. गिटारही घरचीच नेली होती, कारण दुकानातल्या दुसऱ्याच पिकअपवर (तारांची थरथर पकडणारा भाग) ॲम्प ऐकून काहीच कळत नाही.

बॉसचा कटाना ५० त्या पातळीवर सगळ्यांत समजूतदार निघाला. त्याला ५०, २५ आणि अर्धा वॉट अशी निवड आहे. अर्ध्या वॉटवर मास्टर व्हॉल्यूम बराच वर नेता येतो, आणि समोर बारा इंची स्पीकर असल्याने अंगही राहतं. यामाहाचा टीएचआर टेबलावर ठेवून सराव करायला फार छान, पण त्याचे दोन लहान स्पीकर म्हणजे चांगल्या म्युझिक सिस्टिमचा आवाज. गिटार कॅबचा, म्हणजे स्पीकरच्या लाकडी खोक्याचा धक्का त्यात नाही. लॅपटॉपवर न्यूरल ॲम्प मॉडेलर हे ॲम्पची नक्कल करणारं फुकटचं सॉफ्टवेअरही भरपूर वापरलं. फक्त रेकॉर्डिंगच करायचं असेल, तर एक इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारा डबा) आणि हे सॉफ्टवेअर यापुढे पैसे घालवायची गरज नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. मला मात्र रविवारी ड्रमरसोबतही वाजवायचं होतं.

शेवटी घेतला तो डीएसएल २० चा हेड, म्हणजे स्पीकर नसलेला, पुण्यातूनच एकाने वापरलेला. त्यात दोन ईएल ३४ व्हॉल्व्ह आहेत. मार्शलच्या पहिल्या जेटीएम ४५ चं सर्किट फेंडरच्या बासमनवरून उचललेलं होतं, पण पुढे कंपनी ईएल ३४ कडे वळली आणि ज्याला आपण ‘ब्रिटिश क्रंच’ म्हणतो तो मधल्या सुरांतला खरखरीत दाटपणा याच व्हॉल्व्हशी जोडला गेला. मला तोच हवा होता. या ॲम्पवर २० आणि १० वॉट असा स्विच आहे. सोबत टू नोट्सचा कॅप्टर घेतला. हा लोडबॉक्स: ॲम्पला वाटतं स्पीकर जोडलाय, आणि आपल्याला मिळते इंटरफेसला द्यायची लाइन. लोडबॉक्स किंवा स्पीकर, दोन्हींपैकी काहीतरी जोडल्याशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प वाजवायचा नाही. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तोच या यंत्रातला महागडा भाग.

कॅप्टरमधून स्पीकरलाही आवाज सोडता येतो, २० डेसिबल कमी करून. २० डेसिबल म्हणजे शंभरावा हिस्सा. १० वॉटचा स्विच लावला तर स्पीकरपर्यंत पोचतो ०.१ वॉट, आणि व्हिंटेज ३० वर तो अजूनही एक मीटरवर ९० डेसिबलच्या घरात. दिवसा माग चालू असताना हे खपून जातं. रात्री नाही, रात्री हेडफोन.

कॅब मात्र इथेच करून घेतला. अठरा एमएमचा मरीन प्लाय, एक बारा इंची स्पीकर, मागून पूर्ण बंद. सुतारमिस्त्रींना मागचं झाकण पटत नव्हतं. “हवा कुठनं जायची?” असं ते पुन्हा पुन्हा विचारत होते. पंख्याचं खोकं असतं तर त्यांचं बरोबर होतं, पण गिटारच्या कॅबमध्ये ती कोंडलेली हवाच कामाची. मागून उघड्या कॅबमध्ये खालचा सूर खोलीभर पसरतो. बंद कॅबमध्ये पाम म्यूट (तळहाताच्या कडेने दाबून वाजवलेला सूर) घट्ट, आखूड येतो, आणि हार्ड रॉकला तेच लागतं. मिस्त्रींनी मग सगळ्या कडांना फेव्हिकॉल भरून स्क्रू असे आवळले की कुठे फट नाही. पहिल्यांदा वाजवला तेव्हा तळहात प्लायवर ठेवून ते ऐकत उभे राहिले. म्हणाले, “आता लागली बघा थाप.”

ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त दमवलं ती ॲम्पची नव्हतीच. गेन, म्हणजे आवाज फाटवायचं बटण, वाढवला की घुईंऽऽ असा हम यायचा आणि तारांना हात लावला की कमी व्हायचा. पिकअप हंबकर, म्हणजे हम मारणाराच, केबल नवी. वायरमनने मीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये नको तेवढे व्होल्ट. घराची अर्थिंग जुनी, मीठ-कोळशाच्या खड्ड्यातली, आणि एप्रिलच्या उन्हात तो खड्डा कोरडा ठणठणीत. त्यात मीठ-कोळसा नव्याने भरून पाणी ओतलं आणि हम निम्म्याहून कमी झाला. आता उन्हाळाभर संध्याकाळी झाडांबरोबर त्या खड्ड्यालाही पाणी जातं. हम जावा म्हणून प्लगची तिसरी पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. या ॲम्पच्या आत शेकडो व्होल्ट डीसी असतात आणि गिटारच्या तारा थेट आपल्या बोटांत असतात. व्होल्टेज वरखाली होतं म्हणून स्टॅबिलायझरही लावला.

रेकॉर्डिंगला दोन वाटा ठेवल्यात. पहिली म्हणजे कॅबसमोर एसएम ५७ माइक. माइक स्पीकरच्या मध्यावर रोखला तर आवाज टोकदार, बोटभर कडेकडे सरकवला तर गोल. इक्वलायझर फिरवण्याआधी हे करून बघावं. भिंतीवर सोलापुरी चादरी दुहेरी टांगल्यात. खोलीचा चिरका घुमारा त्यांनी गेला, पण बासचे सूर आणि मागांचा खडखडाट चादर अडवत नाही. शांत भागात तो माइकमध्ये येतोच. म्हणून दुसरी वाट: कॅप्टरमधून थेट इंटरफेस आणि लॅपटॉपवर कॅबचा इम्पल्स रिस्पॉन्स (त्या कॅबच्या आवाजाचा डिजिटल ठसा). गिटारचा स्पीकर पाच किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. ती चाळणी नसली तर डिस्टॉर्शन माश्या घोंगावल्यासारखं ऐकू येतं. बरेच इम्पल्स रिस्पॉन्स लावून पाहिले आणि व्हिंटेज ३० चाच एक ठेवला. रात्री अकराला मित्र आला, हेडफोन लावून ऐकला आणि म्हणाला, “काय बे, हे घरात वाजवलास?”

गेन आता पाचच्या खालीच असतो. तीच रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवली की जो जाडपणा येतो तो गेन दहावर नेऊन येत नाही; उलट जास्त गेनवर दोन्ही टेक एकमेकांत मिसळून चिखल होतो.

व्हॉल्व्हमुळे खोली तापते, हे इथे विसरून चालत नाही. ईएल ३४ चं फिलामेंटच ६.३ व्होल्टला दीड अँपिअर खातं, आणि तसे दोन. मे महिन्यात दुपारी मी हेड चालू करत नाही. सकाळी सातच्या आत रिदमचे टेक उरकतो. कुणी विचारलं तर पैसे कमी असताना कटाना आणि साधा इंटरफेस एवढंच सांगतो, आणि उरलेल्यातून आधी अर्थिंग तपासून घ्यायला.