वळिवड्याच्या बराकी आणि कराचीचे कॅथलिक

कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला कापड घ्यायला जाणाऱ्या किती जणांना माहीत असतं, की तिथल्या वळिवडे कॅम्पात १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहत होते? बहुतेक सगळे कॅथलिक. कॅम्पात त्यांचं चर्चही होतं. यातले बरेच जण रशियातून इराण आणि कराचीमार्गे इथे आले. ते गेल्यावर त्याच बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. कराचीचे कॅथलिक मात्र कराचीतच राहिले.

ते मुख्यतः गोव्याचे, कोकणी बोलणारे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध घेतला, मग बंदर वाढलं, रेल्वे आली, कचेऱ्यांना इंग्रजी जाणणारे कारकून हवे झाले. सेंट पॅट्रिक्सचं पहिलं चर्च १८४५ चं, आजचं कॅथेड्रल १८८१ चं. १८८६ मध्ये गोवेकरांची संस्था निघाली, नाव ‘गोवा-पोर्तुगीज असोसिएशन’. मॅन्युएल मिस्किटा शहराचे महापौर झाले. पाकिस्तानच्या कसोटी संघात खेळलेला पहिला मुस्लिमेतर खेळाडू वॉलिस मथायस हाही इथलाच, पदार्पण १९५५.

म्हणजे फाळणीनं हा समाज मोडला नाही. तो पुढे हळूहळू विरळ झाला. १९७२ च्या राष्ट्रीयीकरणात अनेक मिशनरी शाळा-कॉलेजं सरकारकडे गेली, १९७७ मध्ये दारूबंदी आली, आणि ज्यांना इंग्रजी येत होतं त्यांना कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलियाची दारं उघडी होती.

सगळ्यात खोल घाव कायद्यांच्या पुस्तकापेक्षा मतपेटीनं घातला, असं माझं मत. १९८५ पासून अल्पसंख्याकांना वेगळे मतदारसंघ मिळाले, म्हणजे मत द्यायचं ते फक्त आपल्याच धर्माच्या उमेदवाराला. राष्ट्रीय असेंब्लीत ख्रिस्ती जागा ४, आणि मतदारसंघ म्हणजे अख्खा देश. परिणाम साधा: गल्लीतला गटार तुंबला तरी स्थानिक खासदाराला ख्रिस्ती मताची गरजच उरली नाही, आणि ‘आपला’ खासदार शेकडो मैल दूर. ही पद्धत २००२ मध्ये गेली. आरक्षित जागा उरल्या, पण त्या आता पक्षांच्या यादीतून भरतात, म्हणजे निष्ठा पक्षाशी.

इथे एक गफलत हमखास होते. पाकिस्तानातले कॅथलिक म्हटलं की डिसोझा-फर्नांडिस आठवतात. प्रत्यक्षात बहुसंख्य पंजाबी, अनेकांचं आडनाव ‘मसीह’, आणि पूर्वज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व पुढे धर्मांतरित झालेले दलित. कालव्यांच्या नव्या वसाहतींत मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी गावंच वसवली. खुशपूर हे त्यातलं एक. कापुचिन या कॅथलिक संघाचे बेल्जियन धर्मगुरू फेलिक्स यांच्या नावावरून, कारण लॅटिनमध्ये फेलिक्स म्हणजे सुखी. २ मार्च २०११ रोजी इस्लामाबादेत मारले गेलेले मंत्री शाहबाज भट्टी यांचं कुटुंब याच गावचं.

आकड्यांबाबतही जपून. २०२३ च्या जनगणनेत ख्रिस्ती सुमारे ३३ लाख, लोकसंख्येच्या १.३७ टक्के. हा आकडा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मिळून आहे, कॅथलिक साधारण निम्मे धरले जातात. कोल्हापुरात १८५२ ला आलेल्या रॉयल वाइल्डर यांच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रॉटेस्टंटांतल्या एका पंथाच्या, मिशनमुळे आपल्याकडे ‘ख्रिश्चन’ म्हणजे वाइल्डर चर्च, तसा तिथला एकच शब्दही दोन वेगळी घरं झाकतो. माऊंट मेरीच्या जत्रेसारखीच सप्टेंबरमधली यात्रा पंजाबातल्या मरियमाबादला भरते, आणि तिथे जमणाऱ्या गर्दीत कराचीचे गोवेकर फारसे दिसत नाहीत.